शिखराची उंची मांडणारा गणक : राधानाथ सिकदार

शाळेत त्रिकोणमितीचा धडा सुरू झाला की एक मनोरा हमखास येतो. मनोऱ्याच्या पायथ्यापासून काही अंतरावर एक मुलगा उभा असतो, तो मनोऱ्याच्या टोकाकडे पाहतो आणि त्याच्या नजरेचा जमिनीशी होणारा कोन दिलेला असतो. एवढ्या माहितीवरून मनोऱ्याची उंची काढायची असते. परीक्षेत दोन-चार गुण मिळवून देणारे हे गणित पुढे आयुष्यात फारसे कोणाच्या उपयोगी पडत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु याच गणिताच्या बळावर एका भारतीयाने जगातील सर्वोच्च शिखराची उंची ठरविण्याच्या कामात आपले नाव कोरले. त्यासाठी त्याला त्या शिखराच्या पायथ्याशीही जावे लागले नाही. राधानाथ सिकदार हे त्या गणितज्ञाचे नाव.

राधानाथ यांचा जन्म ऑक्टोबर १८१३ मध्ये कोलकात्यातील जोडासांको भागात एका ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील तितूराम. सिकदार घराण्याकडे नवाबी अमदानीत शांतता व सुव्यवस्था राखण्याचे वंशपरंपरागत काम असे. कंपनी सरकारच्या काळात तो अधिकार गेला आणि त्याबरोबर सुबत्ताही ओसरली. राधानाथ यांचे प्राथमिक शिक्षण घराजवळच्या शाळेत झाले आणि १८२४ मध्ये त्यांनी हिंदू कॉलेजात प्रवेश घेतला. त्या काळी या कॉलेजात हेन्री डेरोझिओ या तरुण शिक्षकाने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्याची आणि रूढी तपासून पाहण्याची सवय लावली होती. या विद्यार्थ्यांचा गट पुढे यंग बेंगॉल या नावाने प्रसिद्ध झाला. राधानाथ त्यांपैकीच एक. खाण्यापिण्याचे सोवळे त्यांनी झुगारले. अल्पवयीन मुलीशी विवाह करण्यास त्यांनी नकार दिला आणि ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

त्यांच्या बुद्धीचा खरा ओढा मात्र गणिताकडे होता. प्राध्यापक जॉन टायटलर यांच्याकडे त्यांनी न्यूटनच्या प्रिन्सिपियाचा अभ्यास केला. तो ग्रंथ मुळातून वाचणाऱ्या पहिल्या काही भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. दोन वर्तुळांना सामाईक स्पर्शिका काढण्याची एक नवी रीत त्यांनी विद्यार्थिदशेतच शोधली व ती १८३१ मध्ये प्रसिद्धही झाली.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. देशभर महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रचंड काम सुरू होते. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ या कामाची पहिली पायारेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांची साखळी दक्षिणोत्तर वाढत गेली. वीस वर्षे हे काम ओढणाऱ्या लॅम्बटन यांचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मुक्कामावर असताना झाला, आणि त्यांची कबरही तेथेच आहे. त्यांच्यानंतर सूत्रे आली ती जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हाती. एव्हरेस्ट हे अत्यंत काटेकोर आणि तितकेच तापट अधिकारी होते. त्यांना गोलीय त्रिकोणमिती जाणणारा तरुण हवा होता. टायटलर यांनी राधानाथ यांचे नाव सुचविले आणि १९ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, राधानाथ महिना तीस रुपये पगारावर सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. त्यांचे पद होते कॉम्प्युटर. आज या शब्दाने टेबलावरचे यंत्र डोळ्यांसमोर येते. त्या काळी मात्र हातात लेखणी आणि पुढ्यात लॉगॅरिदमची कोष्टके घेऊन दिवसभर आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. मराठीत गणक म्हणावे असे ते काम होते.

या गणकाचे काम समजून घ्यायचे तर सर्वेक्षणाची पद्धत थोडी पाहिली पाहिजे. सपाट जमिनीवर काही मैल लांबीची एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली जाई. हीच पायारेषा. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीवरील खुणेकडे थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने पाहायचे आणि दोन्ही ठिकाणचे कोन नोंदवायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजूंची लांबी जमिनीवर न मोजता गणिताने निघते. मग या नव्या बाजूलाच पायारेषा मानून पुढचा त्रिकोण, त्यावरून त्यापुढचा, अशी साखळी शेकडो मैल वाढविता येते. अखेरीस पुन्हा एक पायारेषा प्रत्यक्ष मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. एव्हरेस्ट यांच्या काळात शेकडो मैलांच्या साखळीनंतर या दोहोंतील तफावत काही इंचांवर आणण्यात यश आले.

डेहराडूनच्या खोऱ्यात १८३४-३५ मध्ये सुमारे साडेसात मैल लांबीची पायारेषा मोजली गेली. उन्हाने धातूची पट्टी प्रसरण पावते आणि मोजमाप चुकते. म्हणून पितळ आणि लोखंड या भिन्न प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या धातूंच्या जोडपट्ट्या वापरण्यात आल्या. पुढे मध्य भारतातील सिरोंज येथील पायारेषाही याच पद्धतीने नव्याने मोजण्यात आली. अशा मोहिमांत राधानाथ तंबूत राहून काम करीत. आकडेमोडीबरोबर निरीक्षणाचे तंत्रही त्यांनी आत्मसात केले.

एव्हरेस्ट यांचा या तरुणावर विलक्षण भरवसा बसला. राधानाथ यांनी अधिक पगाराच्या दुसऱ्या सरकारी जागेसाठी प्रयत्न केला, तेव्हा एव्हरेस्ट यांनी त्यांना सोडण्यास ठाम विरोध केला. गणितात त्यांच्या तोडीचा माणूस हिंदुस्थानात, युरोपीयांतसुद्धा, क्वचितच सापडेल असे त्यांचे मत होते. मुलाच्या भेटीसाठी आसुसलेल्या तितूराम यांना एव्हरेस्ट यांनी स्वतः पत्र लिहून डेहराडूनला येण्याचे निमंत्रण दिले होते. या कौतुकाची दुसरी बाजूही होती. ज्या गुणांमुळे राधानाथ खात्याला अपरिहार्य वाटत होते, त्याच गुणांमुळे त्यांचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला.

मात्र ते खाली मान घालून आकडे मांडणारे कारकून नव्हते, हे १८४३ मध्ये डेहराडूनला दिसून आले. तेथील मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट यांच्या माणसांनी सर्वेक्षण खात्यातील हमालांना साहेबांचे सामान वाहण्यासाठी वेठीस धरले. अशी बिनमोबदल्याची वेठबिगार त्या भागात सर्रास चाले आणि तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढीत नसे. राधानाथ यांनी ते सामान अडवून ठेवले आणि संतापून आलेल्या मॅजिस्ट्रेटला तोंडावर जाब विचारला. प्रकरण न्यायालयात गेले. राधानाथ यांना दोनशे रुपये दंड झाला. तीस रुपयांवर नोकरीस लागलेल्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. परंतु खटल्याच्या निमित्ताने हमालांवरील जुलूम कागदावर आला, कोलकात्याच्या वृत्तपत्रातून त्याचा गाजावाजा झाला आणि वेठबिगारीचा प्रश्न चर्चेत आला. स्वतःच्या नोकरीचा विचार न करता, समाजाच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेल्या माणसांसाठी त्यांनी हे केले होते.

याच वर्षी एव्हरेस्ट निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि अँड्र्यू वॉ सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. आता खात्याचे लक्ष हिमालयाच्या शिखरांकडे वळले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो हे जगातील सर्वांत उंच शिखर मानले जाई. नंतर तो मान धौलागिरीला आणि पुढे कांचनगंगेला मिळाला. १८४७ मध्ये दार्जिलिंग परिसरातून निरीक्षण करताना वॉ यांना कांचनगंगेच्या पलीकडे, खूप दूरवर, आणखी एक शिखर दिसले. ते कांचनगंगेहून उंच असावे अशी शंका आली, पण अंतर फार मोठे असल्याने खात्री देता येईना. नेपाळ दरबार परकीय सर्वेक्षकांना आपल्या हद्दीत येऊ देत नव्हता. त्यामुळे जवळ जाणे अशक्य होते. उरली ती तराईची दमट, हिवतापाने ग्रासलेली सपाटी.

१८४९-५० च्या हिवाळ्यात जेम्स निकल्सन या सर्वेक्षकाने तराईतील ठाण्यांवरून या शिखराची निरीक्षणे घेतली. जिरोल, मिर्झापूर, जंजीपती, लदनिया, हरपूर आणि मिनाई अशा सहा ठिकाणांहून मोजमापे झाली. यांपैकी सर्वांत जवळचे ठाणेसुद्धा शिखरापासून सुमारे १०८ मैल, म्हणजे १७४ किलोमीटर दूर होते. पुढे निकल्सन यांना हिवतापाने गाठले आणि काम सोडावे लागले. नोंदवह्या मात्र सुरक्षित होत्या. शिखराला नाव नव्हते. मायकेल हेनेसी यांनी शिखरांना रोमन आकडे देण्याची पद्धत सुरू केली होती, तीनुसार ते शिखर क्रमांक पंधरा झाले.

आता काम गणकांचे होते, आणि शाळेतल्या मनोऱ्याचे गणित येथे पुरेसे नव्हते. तराईतून हे शिखर क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंशांवर दिसते. एवढ्या लांबून कोन मोजताना एका अंशाच्या ३६०० व्या भागाची, म्हणजे एका विकलेची चूक झाली तरी उंचीत जवळजवळ तीन फुटांचा फरक पडतो; एका कलेची चूक झाली तर फरक दीडशे फुटांपलीकडे जातो.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. १०८ मैल अंतरावर पृथ्वीचा पृष्ठभाग निरीक्षकाच्या सरळ क्षितिजरेषेच्या सुमारे ७,८०० फूट खाली वळलेला असतो. म्हणजे शिखराची पाव भागाहून अधिक उंची गोलाईमुळेच दृष्टीआड होते. ही उंची हिशेबात धरली नाही तर शिखर सह्याद्रीतल्या कळसूबाईहूनही अधिक फरकाने ठेंगणे ठरेल. म्हणूनच एव्हरेस्ट यांना गोलीय त्रिकोणमिती येणारा माणूस हवा होता.

तिसरी अडचण सर्वांत चकविणारी होती. प्रकाशकिरण वातावरणातून सरळ येत नाही. वर हवा विरळ आणि खाली दाट असल्याने तो वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच भासते. या अपवर्तनामुळे पडणारा फरक एवढ्या अंतरावर हजार फुटांच्या घरात जातो. शिवाय तो स्थिर नसतो. हवेचे तापमान आणि दाब यांनुसार बदलत राहतो. बर्फाच्छादित उंचीपासून उष्ण सपाटीपर्यंत येणाऱ्या किरणाचे नेमके किती अपवर्तन होते, हे ठरविणे हा या साऱ्या गणिताचा गाभा होता. त्यातच निरीक्षणाची ठाणी स्वतः समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहेत, तेही साखळीने काढून जमेस धरायचे होते.

राधानाथ या सुमारास मुख्य गणक म्हणून कोलकात्यास आले होते. १८५२ मध्ये या शिखराची उंची निश्चित होत आली. सहा ठाण्यांवरून आलेले आकडे असे होते : जिरोल २८,९९२ फूट, मिर्झापूर २९,००५, जंजीपती २९,००२, लदनिया २८,९९९, हरपूर २९,०२६ आणि मिनाई २८,९९०. सरासरी आली २९,००२ फूट. तोवर मोजलेल्या कोणत्याही शिखराहून ही उंची अधिक होती. मूळ उंची नेमकी २९,००० फूट आली, पण तो आकडा लोकांना अंदाजाचा वाटेल म्हणून त्यात दोन फूट वाढविले, अशी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. सहा ठाण्यांच्या आकड्यांची बेरीज करून सहाने भागले तर ती गोष्ट किती निराधार आहे, हे कोणासही पडताळून पाहता येते.

अशीच दुसरी एक लोकप्रिय कथा आहे. राधानाथ धावत वॉ यांच्या खोलीत शिरले आणि जगातील सर्वांत उंच शिखर सापडल्याचे त्यांनी जाहीर केले, असे ती सांगते. ही कथा रोमहर्षक असली तरी खरी वाटत नाही, कारण वॉ यांचा मुक्काम डेहराडूनला होता आणि राधानाथ यांचा कोलकात्यात. शिवाय हे एका क्षणात उमगलेले सत्य नव्हते. निकल्सन यांनी ताप अंगावर घेऊन केलेली निरीक्षणे, हेनेसी यांच्यासह डेहराडूनच्या गणकांचे काम आणि वॉ यांची सावध तपासणी, हे सारे त्यात मिसळलेले होते. या सामूहिक कष्टांत राधानाथ यांचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे मात्र निर्विवाद आहे की, ज्या खात्याने हे गणित सोडविले त्याचे मुख्य गणक तेव्हा राधानाथ होते आणि दोन दशके त्या खात्याच्या आकडेमोडीचा मुख्य भार त्यांनी वाहिला होता.

वॉ यांनी घाई केली नाही. फेरतपासणीत चार वर्षे गेली आणि मार्च १८५६ मध्ये त्यांनी शिखराची उंची जाहीर केली. त्याच वेळी आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव शिखराला देण्याचा प्रस्ताव मांडला. स्थानिक नाव सापडत नाही, असे कारण त्यांनी दिले. वास्तविक तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत आले होते. आपले नाव या देशातील लोकांना उच्चारता वा लिहिता येणार नाही, असा आक्षेप खुद्द एव्हरेस्ट यांनीच घेतला होता. तरीही १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने माउंट एव्हरेस्ट या नावावर शिक्कामोर्तब केले. ज्यांनी ते शिखर कधी मोजले नाही, त्यांचे नाव त्याला कायमचे चिकटले.

कोलकात्यात राधानाथ यांच्यावर १८५२ पासून तेथील सरकारी वेधशाळेचीही जबाबदारी आली. वायुभारमापकातील पारा उष्णतेने प्रसरण पावतो, त्यामुळे निरनिराळ्या तापमानांत घेतलेल्या नोंदींची तुलना करता येत नाही. या नोंदी ३२ अंश फॅरनहाइट या एकाच तापमानाला आणण्याचे सूत्र त्यांनी तयार केले. रोजच्या हवामानाच्या नोंदींना शिस्त लावण्याचे काम त्यांच्या काळात झाले.

गणिताइतकीच त्यांना समाजाचीही चिंता होती. १८५४ मध्ये त्यांनी आपले मित्र प्यारीचंद मित्र यांच्यासमवेत बंगालीत मासिक पत्रिका हे नियतकालिक सुरू केले. त्या काळचे ग्रांथिक बंगाली संस्कृतप्रचुर होते. घरातल्या स्त्रियांना ते समजत नसे. म्हणून या मासिकाची भाषा मुद्दाम बोलीची, साधी ठेवण्यात आली. जो माणूस दिवसभर दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांशी झुंजत होता, तोच संध्याकाळी नुकत्याच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांसाठी सोपी वाक्ये लिहीत होता.

१८६२ मध्ये राधानाथ निवृत्त झाले. पुढे त्यांनी जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे आजच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात, गणिताचे अध्यापन केले. १८६४ मध्ये बव्हेरियातील निसर्गविज्ञान संस्थेने त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी चंदननगरला गंगाकाठी गोंदलपाडा येथे घालविली आणि १७ मे १८७० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

उपेक्षेची कथा मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही थांबली नाही. सर्वेक्षणशास्त्रावरील थुलियर आणि स्मिथ यांचा मार्गदर्शक ग्रंथ १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातील गणिती भाग मुख्यतः राधानाथ यांनी लिहिले होते आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण स्पष्ट शब्दांत मान्य केले होते. १८७५ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा मजकूर राहिला, पण राधानाथ यांचे नाव गाळण्यात आले. ज्यांची तक्रार ऐकायची तेच हयात नव्हते. तेव्हा सर्वेक्षण खात्यातीलच मॅक्डोनाल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने वृत्तपत्रातून या कृतीचा निषेध केला. त्याबद्दल त्यांना खात्याची शिक्षाही भोगावी लागली. हमालांसाठी दंड भरणाऱ्या माणसाच्या नावासाठी कोणीतरी दंड भोगला, एवढाच काय तो न्याय.

१९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने या शिखराची उंची ८,८४८ मीटर, म्हणजे २९,०२८ फूट ठरविली. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी उपग्रहांच्या साहाय्याने नव्याने मोजून ती ८,८४८.८६ मीटर असल्याचे संयुक्तपणे जाहीर केले. फुटांत सांगायचे तर सुमारे २९,०३२. दिवसाच्या उजेडात, शंभर मैलांहून लांबून, कोष्टके आणि लेखणी यांच्या आधारे काढलेला २९,००२ हा आकडा त्याहून अवघा तीस फुटांनी कमी आहे. हजारी एका भागाची ही चूक, आणि तीही प्रामुख्याने हवेत वाकणाऱ्या किरणांमुळे व समुद्रसपाटीच्या तेव्हाच्या अपुऱ्या ज्ञानामुळे राहिलेली.

भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या स्मरणार्थ तिकिटे काढली. त्यांपैकी एकावर राधानाथ सिकदार यांचे चित्र आहे. शिखराला त्यांचे नाव मिळाले नाही आणि आता मिळण्याची गरजही नाही. मात्र दहावीच्या वर्गात फळ्यावर मनोरा आणि उन्नत कोन काढताना शिक्षकांनी दोन मिनिटे थांबून या गणकाची गोष्ट सांगितली, तर ते गणित कशासाठी शिकायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पुन्हा विचारावा लागणार नाही.